‘एकदा तारण, सदा तारण’ : एका सूत्राची समीक्षा

विश्वासणाऱ्याचे तारण नाहीसे होऊ शकते काय? प्रश्न वरवर पाहता वेदान्ती चर्चेसारखा वाटतो. परंतु पाळकाच्या दारी तो घेऊन येणारा मनुष्य बहुधा पुस्तके वाचून आलेला नसतो. कोणाचा मुलगा मंडळी सोडून गेलेला असतो. कोणी भाऊबंदांच्या दडपणाने पूर्वीच्या जातीच्या पंगतीला जाऊन बसलेला असतो आणि आता त्याचे मन त्याला खाते. कोणी वृद्ध भगिनी अंथरुणाला खिळलेली असताना तरुणपणीच्या एका पापाची आठवण काढून विचारते, ‘माझा प्रभू मला ओळखील का?’ अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण एका चार शब्दांच्या सूत्राचा आधार घेतात : ‘एकदा तारण, सदा तारण.’ दुसरे काही जण तितक्याच निश्चयाने याच्या उलट सांगतात. प्रस्तुत लेखात आम्ही या सूत्राची आणि त्याच्या उलट बोलण्याची परीक्षा करू इच्छितो. त्यासाठी बालाघाटच्या मंडळ्या आम्ही डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. कारण तेथे हा प्रश्न दोन वारशांच्या आणि दोन भाषांच्या संगमावर उभा आहे.

प्रथम वारशांविषयी. बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात होता. नागपुरात १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप यांनी कार्यास आरंभ केला. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, आणि त्या मंडळीचा विश्वासनामा वेस्टमिन्स्टरचा. बालाघाटास मात्र जॉन लॅम्पार्ड यांचे स्वतंत्र मिशन उभे राहिले आणि ते पुढे मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीत सामील झाले. म्हणजे एका बाजूने काल्व्हिनच्या परंपरेची शिकवण आली आणि दुसऱ्या बाजूने वेस्लीची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वाटाघाटींत दीर्घकाळ भाग घेतलेली दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळी त्या ऐक्याबाहेर राहिली आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. या दुराव्याचे कारण तारणाचा सिद्धांत हे नव्हते. तरी परिणाम असा झाला की, नागपुराकडचा वक्ता आणि बालाघाटचा पाळक एकाच व्यासपीठावर बसले म्हणजे एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि ऐकणारा गोंधळून घरी जातो.

आता भाषेविषयी. बालाघाटच्या उपदेशकाला हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत बोलावे लागते. हिंदी पवित्र शास्त्रात ‘उद्धार’ हा शब्द आहे, तर मराठीत ‘तारण’. दोन्ही शब्द खरे आहेत. पण दोहोंनी मनासमोर उभे राहणारे चित्र एकच नाही. उद्धार म्हणजे वर काढणे. खड्ड्यातून वर काढलेला मनुष्य पुन्हा पाय घसरून खड्ड्यात पडू शकतो, असे ऐकणाऱ्याला सहज वाटते. तारण म्हणजे पार नेणे. पैलतीराला लागलेला मनुष्य पुन्हा बुडत नाही, असे ऐकणाऱ्याला तितक्याच सहज वाटते. त्यात ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण मराठी माणसाच्या कानी लहानपणापासून पडलेली. तेव्हा आपल्या सूत्राचे अर्धे बळ शास्त्रातून न येता या म्हणीतून येते, हे उपदेशकाने ओळखावे. म्हण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु म्हणीने दिलेला धीर आणि प्रभूने दिलेले वचन यांतील भेद आपण विसरता कामा नये.

‘तारण’ या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे. कर्जासाठी सावकाराकडे किंवा बँकेत जी वस्तू अडकवून ठेवतात तीही तारणच. हा अर्थ धर्मशास्त्राचा नव्हे. पण शेतकऱ्याच्या मनात तो जागा असतो आणि नकळत शिकवणीत शिरतो. गहाण टाकलेला दागिना हप्ते चुकले तर जातो. तसे माझ्या प्रार्थना, उपवास, उपस्थिती यांचे हप्ते चुकले तर माझे तारण जाईल, अशी भीती कित्येक प्रामाणिक विश्वासणाऱ्यांना असते. सुवार्तेत मात्र ठेव ठेवणारा मनुष्य नसून देव आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हा सेमिटिक भाषांतून आलेला व्यापारी शब्द. यहूदाने तामारेजवळ ठेवलेल्या गहाणासाठी उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात तोच इब्री रूपात येतो. मराठी भाषांतरकारांनी त्याला दिलेला शब्द अत्यंत समर्पक आहे. बैलबाजारात विसार कोण देतो? घेणारा देतो, विकणारा नव्हे. घेणाऱ्याने सौदा मोडला तर बुडतो तो त्याचाच विसार. आपणांस मोल देऊन विकत घेणाऱ्याने विसार म्हणून आपला आत्माच दिला असेल, तर तो सौदा मोडणे म्हणजे स्वतःचाच नाकार करणे होय. विश्वासणाऱ्याच्या खात्रीचा पाया हा आहे. तो आपल्या मुठीच्या बळावर नाही.

त्याच वाक्यातील ‘वतन’ हा शब्द मात्र आपल्याला सावध करतो. महाराष्ट्रात वतन वंशपरंपरेने चालत असे, पण ते सेवेला जोडलेले होते. पुढे सेवा सुटली तरी हक्क राहिला, अशी वतनेही लोकांनी पाहिली. बालाघाटच्या लोकांना मालगुजारीचा अनुभव अधिक जवळचा : नांगराला हात न लावता गावाचे उत्पन्न घेणारा मालगुजार १९५० च्या कायद्याने जाईपर्यंत तेथे होता. ‘एकदा तारण, सदा तारण’ हे सूत्र ज्या प्रकारे उच्चारले जाते त्यात हीच वतनदारी डोकावते. एका सभेत हात वर केला, एका पत्रकावर सही केली, आता सातबारा माझ्या नावावर चढला. पुढे पीक असो वा नसो! शास्त्राने वतन दिले आहे ते लेकरांना, आणि लेकरू म्हणजे कागदपत्र बाळगणारा दावेदार नव्हे.

आता सूत्राची बाजू न्यायाने मांडू. त्यामागे मोठी वचने आहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की त्याच्या मेंढरांना त्याच्या आणि पित्याच्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट तर प्रत्येक पाळकाने कबरेच्या काठी उभे राहून वाचलेला आहे. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल सांगतो की ज्याने काम आरंभिले तोच ते सिद्धीस नेईल. या वचनांना ‘पण’ जोडून त्यांची धार बोथट करणे हा अपराध आहे. १६१८-१९ च्या दोर्तच्या सिनडने आणि पुढे वेस्टमिन्स्टरच्या विश्वासनाम्याने संतांच्या टिकावाचा जो सिद्धांत मांडला, तो याच वचनांवर उभा आहे. परंतु वेस्टमिन्स्टरचा सतरावा अध्याय जो नीट वाचील त्याला दिसेल की त्यात हे सूत्र नाही. तेथे टिकाव हा मनुष्याच्या इच्छेवर अवलंबून नसून देवाच्या अढळ संकल्पावर, ख्रिस्ताच्या पुण्याईवर आणि आत्म्याच्या वास्तव्यावर अवलंबून आहे असे सांगून लगेच पुढे कबूल केले आहे की संत घोर पापात पडू शकतात, काही काळ त्यात राहूही शकतात, आत्म्याला खिन्न करतात, अंतःकरण कठीण करून घेतात, इतरांना ठेच लावतात. अठरावा अध्याय तर सांगतो की खऱ्या विश्वासणाऱ्याची खात्रीही डळमळू शकते. सूत्र म्हणते, ‘तू एकदा आत आलास, आता निश्चिंत राहा.’ सिद्धांत म्हणतो, ‘ज्याला देव राखतो तो शेवटपर्यंत विश्वासात चालत राहतो.’ या दोहोंत मोठे अंतर आहे. सूत्राने सिद्धांताचे फळ तोडून घेतले आणि झाड मागे ठेवले.

उलट बाजूही तशीच न्यायाने पाहावयास हवी. वेस्लीने १७५१ मध्ये संतांच्या टिकावावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि खरा विश्वासणाराही पतित होऊ शकतो असा निर्णय दिला. योहान १५ मधील तोडून टाकलेले फाटे, रोम ११ मधील जैतुनाच्या डहाळ्यांना दिलेला इशारा, इब्री १० मधील कठोर शब्द, आपण स्वतः नापसंत ठरू नये म्हणून शरीराला ताब्यात ठेवणारा पौल, ही त्याची प्रमाणे. ही वचने ‘नावापुरत्या ख्रिस्त्यांसाठी’ आहेत असे म्हणून बाजूला सारता येत नाहीत. कारण पत्रे मंडळीला लिहिलेली आहेत. परंतु येथेही परंपरा आणि प्रचलित बोलणे यांत फरक आहे. १७८४ मध्ये अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी वेस्लीने अँग्लिकन कलमे संक्षिप्त करून दिली. त्यांतील बारावे कलम कृपेपासून दूर जाणे शक्य आहे असे म्हणते आणि त्याच दमात देवाच्या कृपेने पुन्हा उठणेही शक्य आहे असे म्हणते. पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमेची जागा नाकारणाऱ्यांचा तेथे निषेध आहे. मागे पडलेल्यांना उद्देशून केलेल्या १७७८ च्या उपदेशात वेस्लीने अशा अनेकांना परत उभे राहताना आपण पाहिले आहे अशी साक्ष दिली. तेव्हा प्रत्येक पुनरुज्जीवन सभेत तीच माणसे पुढे बोलावून त्यांचे तारण दर वर्षी नव्याने करणारा उपदेशक वेस्लीचा वारस नव्हे. त्याने कलमाचा पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा टाकला.

या वादात सर्वांत अवघड उतारा इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील. ज्यांनी स्वर्गीय दानाचा अनुभव घेतला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणे अशक्य आहे, असा त्याचा आशय. ‘हे लोक मुळात विश्वासणारे नव्हतेच’ असे म्हणावे तर वर्णन त्याला फार जड जाते. ‘एकदा घसरला की कायमचा गेला’ असे म्हणावे तर तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचे काय? आम्हांस तीन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक वाटते. ग्रीक वाक्यात ख्रिस्ताला पुन्हा क्रूसावर खिळणे आणि त्याची उघड नाचक्की करणे ही क्रियापदे चालू काळातील आहेत. डोळ्यांसमोर जो आहे तो पडून रडणारा नव्हे, तर ख्रिस्ताला तुच्छ मानून त्या भूमिकेवर ठाम उभा असलेला मनुष्य आहे. दुसरे, लेखक हे बोलून लगेच आपल्या वाचकांना प्रियजन म्हणतो आणि त्यांच्याविषयी अधिक चांगल्या गोष्टींची आपल्याला खात्री आहे असे सांगतो. इशारा दिला आहे तो तो खरा होऊ नये म्हणून. तिसरे, बाराव्या अध्यायातील एसावाचे अश्रू आडवे आणले जातात. परंतु एसाव रडला तो गमावलेल्या आशीर्वादासाठी, विकलेल्या हक्काच्या पापासाठी नव्हे. जो परत येऊन दारात उभा आहे आणि आपल्या पापासाठी रडतो आहे, त्याचे वर्णन या उताऱ्यात नाही. त्याच्या तोंडावर हा उतारा फेकणे म्हणजे औषधाची बाटली चुकीच्या रोग्याला देणे होय.

मग वचन आणि इशारा ही दोन्ही एकत्र कशी धरावी? याचे उत्तर आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात मिळते, आणि ‘तारण’ या आपल्या शब्दाला ते विशेष शोभते. तारवात २७६ जण आहेत, वादळ आहे. देवदूताच्या शब्दावरून पौल सर्वांना सांगतो की तारू जाईल, पण जीव एकाचाही जाणार नाही. हे वचन पूर्ण आहे, त्याला अट नाही. परंतु खलाशी लहान होडी सोडून निसटू पाहतात तेव्हा तोच पौल शताधिपतीला सांगतो की ही माणसे तारवात राहिली नाहीत तर तुमचा बचाव व्हावयाचा नाही. पौलाने वचन मागे घेतले काय? नाही. शिपायांनी दोर कापले, माणसे तारवात राहिली, आणि वचन पूर्ण झाले ते त्या इशाऱ्याच्या द्वारेच. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी तारवाच्या तुकड्यांवर असे सगळे किनाऱ्याला लागले. वचन सांगते की देव काय करणार. इशारा हे ते करण्याचे त्याचे एक साधन आहे. ज्याने पौलाचे पहिलेच वाक्य ऐकले असते तो होडीत उतरला असता. ज्याने दुसरेच ऐकले असते तो भीतीने गळून गेला असता.

नव्या करारात तारण तिन्ही काळांत येते : आपण तारलेले आहोत, आपण तारले जात आहोत, आपण तारले जाऊ. वैनगंगेला पूर असताना डोंग्यात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तो काठावरच्या चिखलात नाही हे खरे, तो अजून पैलतीराला नाही हेही खरे, आणि वल्हे त्याच्या हातात नाही हे सर्वांत खरे. त्याला नावाड्यावर भरवसा ठेवण्यास सांगणे आणि डोंग्यातून न उतरण्यास सांगणे ही दोन परस्परविरोधी वाक्ये नव्हेत.

सूत्रातील ‘एकदा’ या शब्दाचीही परीक्षा व्हावयास हवी, आणि त्यासाठी मराठी मंडळीतच मोठी उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की त्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. त्याची ओळख सुमारे आठ वर्षांनी झाली. त्यांचे ‘एकदा’ कोणते? १८८३ की १८९१? बाप्तिस्म्याची नोंदवही एक सांगते, साक्ष दुसरे सांगते; आणि मधल्या आठ वर्षांत देव त्यांना धरून नव्हता असे म्हणण्यास कोण धजावेल? रमाबाईंना ख्रिस्ताकडे आणण्यात ज्यांच्या लिखाणाचा वाटा होता ते नीळकंठ उर्फ नेहेम्या गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८९५ मध्ये निधन पावेपर्यंत सेवेत राहिले. तरी शंकांनी त्यांना फार छळले. सूत्र हातात घेऊन गोरे यांच्याकडे गेलेल्या मनुष्याने त्यांना काय सांगितले असते? ‘खात्री नाही, म्हणजे तारण नाही’? मंडळीने त्यांना तसे मोजले नाही. विश्वास आणि खात्री यांत भेद आहे. थरथरणारा हातही धरलेला हातच असतो.

हा सर्व विचार शेवटी पाळकाच्या दारात येऊन थांबतो. इ. स. २५० मध्ये सम्राट देकिउसच्या छळात रोमी साम्राज्यातील सर्वांना देवतांना बली अर्पण करून तसा दाखला घेण्याची आज्ञा झाली. अनेक ख्रिस्ती लोकांनी बली अर्पण केला. काहींनी बली न देताच पैसे भरून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते मंडळीच्या दारात परत आले. रोममध्ये नोवातियनाने त्यांना दार बंद केले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मध्यम मार्ग धरला : पाप लहान म्हणू नये, आणि पश्चात्तापाची वाटही बुजवू नये. ३२५ मध्ये नायसीयाच्या परिषदेने दडपणाशिवाय विश्वास सोडणाऱ्यांनाही बारा वर्षांच्या क्रमाने परत घेण्याचा नियम केला, आणि मरणोन्मुख असेल त्याला प्रभुभोजन नाकारू नये असे ठरवले. अशा परत आलेल्यांचा बाप्तिस्मा पुन्हा करण्यास तिने सांगितले नाही.

मध्य प्रदेशात धर्मांतर हे कार्यालयीन नोंदीचाही विषय झाले आहे. १९६८ च्या अधिनियमापासून त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा नियम आला. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. कायद्याचे पालन करणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु कोणी दडपणाने, लाजेने किंवा लोभाने आपण ख्रिस्ती नाही असे चारचौघांत म्हटले आणि पुढे परत आला, तर कागदावर काय आहे यावरून त्याचे तारण ठरवण्याचा अधिकार पाळकाला नाही. येथे तीन चुकीची उत्तरे दिली जातात. पहिले, ‘तू मुळात विश्वासणारा नव्हतासच.’ योहानाच्या पहिल्या पत्रातील जे वाक्य निघून गेलेल्यांविषयी आहे ते परत आलेल्याला लावणे हा अर्थाचा अनर्थ आहे. दुसरे, ‘तुझे काही बिघडले नाही, एकदा तारण ते सदा तारण.’ ज्याच्या अंतःकरणाला आत्म्याने टोचले आहे त्याची टोचणी काढून घेणे ही दया नव्हे. तिसरे, ‘पुन्हा बाप्तिस्मा घे.’ उधळ्या पुत्राला बापाने अंगठी दिली, झगा दिला. नवे नाव दिले नाही, कारण जुने नाव त्याने पुसलेलेच नव्हते.

आमच्या मते योग्य उत्तर असे. निश्चिंत माणसाला इब्री सहावा अध्याय वाचून दाखवावा, आणि भयभीताला योहान दहावा. दोघांनाही दोन्ही अध्याय माहीत असावेत, पण कोणाला कोणता आधी हे ओळखणे हेच पाळकाचे काम आहे. परत आलेल्याला पापाची कबुली देऊ द्यावी, योग्य काळ शिस्तीत चालवावे, आणि मग टेबलाजवळ बसवावे. जो अद्याप परत आला नाही त्याच्या आईबापाला त्याच्या अंतिम स्थितीचा निकाल सांगू नये. त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी आणि त्याच्या घरी जावे.

बालाघाटचा पाळक मेथडिस्ट असो किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, त्याच्या परंपरेचे मूळ लेख त्याला हेच करावयास सांगतात. भेद राहतील, आणि ते लपवू नयेत असे आम्हांस वाटते. परंतु चार शब्दांच्या सूत्राने ज्या आईचे समाधान होत नाही, तिच्यासाठी आपल्या दोन्ही वारशांत पुरेसे आहे. येत्या उपवासकाळाच्या वर्गांत धर्मशिक्षकांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ हा पाठ घ्यावा, आणि पौलाची ती दोन्ही वाक्ये वर्गाकडून शोधून घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.